फळीवरचा ट्रक

तान्ह्या पोळ्याला आर्णीत चाकांचे लाकडी बैल खडखडत निघतात. मुलांनी दोरी ओढावी, तेव्हा ते चालतात. विटा जुळवून केलेल्या वाहनाला मात्र दोरी लागत नाही. या लेगो विटा डेन्मार्कमधील बिलुंड गावच्या. त्यांच्या घट्ट बसणाऱ्या जोडणीच्या पेटंटासाठी १९५८ साली अर्ज झाला. १९६६ साली बॅटरीवर धावणारी आगगाडी आली आणि दंतचक्रांचे संचही निघाले.

घर आर्णीतले असो की बिलुंडमधले, छांदिष्ट मुलाचा पहिला ट्रक उंबरठ्यापाशीच अडतो. मोटर नुसती घुरघुरते. मग तो आठ दात्यांच्या चक्राने चोवीस दात्यांचे चक्र फिरवून पाहतो. वेग तिसऱ्या हिश्शावर येतो, जोर मात्र जवळजवळ तिप्पट होतो. आणि ट्रक रांगत रांगत उंबरठा ओलांडतो! घाईच्या माणसाला ही गंमत कळणे कठीणच.

खरी पंचाईत पुढेच असते. नवी यारी उभारावयाची, तर चक्रे हवीत ती याच ट्रकाच्या पोटातली. संग्राहकाचे मन म्हणते, फळीवर शोभतो आहे, राहू दे. हात मात्र शिवशिवतात. दोनदा तो ट्रक खाली उतरवितो, दोनदा परत ठेवतो. तिसऱ्या खेपेस तो उंबरठ्यावरून एकवार चालवून पाहतो, आणि मग हळूच त्याचे एक चाक काढतो.