लाइन क्लिअर

बार्शी लाइट रेल्वेच्या दोन रुळांमधलं अंतर 762 मिलिमीटर होतं. त्याला 87 नं भागलं की 8.76 येतात. आणि दुकानात 9 मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात. या पाव मिलिमीटरच्या योगायोगावर माझ्या निवृत्तीनंतरच्या बऱ्याच दुपारी आणि ग्रॅच्युइटीचा थोडा भाग खर्ची पडला आहे.

हे 87 कुठून आले ते सांगायला हवं. रेल्वेची मॉडेलं करणाऱ्यांमध्ये सगळ्यात जास्त चालणारं माप म्हणजे एचओ. खऱ्या गाडीपेक्षा 87 पट लहान गाडी आणि 16.5 मिलिमीटरचे रूळ. युरोप-अमेरिकेतल्या 1435 मिलिमीटरच्या गेजला हे गणित चपखल बसतं. आपली ब्रॉडगेज पडली 1676 ची. तिला 19.3 चे रूळ हवेत आणि ते दुकानात सहजी मिळत नाहीत. त्यामुळे कुणी हौसेनं डेक्कन क्वीन केली तरी ती बिचारी 16.5 वरच चालवावी लागते. समोरून बघितलं तर डबा अंगानं भरलेला आणि पाय नको इतके जवळ. आमच्या मॉडेलवाल्यांच्या गटात यावरून दोन तट आहेत. एक म्हणतो, ‘बाजूनं बघा ना, समोरून बघायला सांगितलंय कुणी?’ दुसऱ्या तटातला एकजण स्लीपर कापून, खिळे ठोकून हातानं खरे रूळ घालतोय आणि अजून त्याच्या फलाटाबाहेर पडलेला नाही. नॅरोगेजवाल्यांना हे दुःखच नाही.

नॅरोगेजवाल्यांत मी जन्मानंच मोडते. अण्णा, म्हणजे माझे वडील, कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. मुंबई-सोलापूरची मोठी लाइन एकीकडे आणि आमची छोटी गाडी, बार्शी लाइट, दुसरीकडे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं ही लाइन बांधली. 1897 मध्ये ती बार्शीपर्यंत गेली, मग 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर, आणि 1927 मध्ये मिरज. गाडीच्या कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, एवढा एक नियम त्यानं इंजिनापासून मालडब्यापर्यंत पाळला आणि हलक्या रुळांवरून भरपूर ओझं नेऊन दाखवलं. वर्कशॉपमधल्या माणसांना या साहेबाबद्दल घरच्या माणसासारखा अभिमान होता. चालत्या गाडीतून उतरून बोरं तोडून पुन्हा चढता येई, अशी गोष्ट देशातल्या प्रत्येक नॅरोगेजबद्दल सांगतात. मी तरी कुणाला तसं करताना पाहिलं नाही. आषाढीला डब्यांच्या टपांवर बसलेली माणसं मात्र पाहिली आहेत.

अण्णांनी मला डालड्याच्या डब्याच्या पत्र्याचं एक इंजिन करून दिलं होतं. चाकं दोऱ्याच्या रिळांची, चिमणी वर्कशॉपमधल्या पाइपच्या तुकड्याची. त्याला रूळ नव्हते, त्यामुळे ते कुठेही जाई. माजघरातून न्हाणीघरात, तिथून अंगणात, शेजारच्या वहिनींच्या तुळशीपर्यंत. मुलींनी इंजिनाशी खेळू नये असं आमच्याकडे कुणी म्हटल्याचं आठवत नाही. रेल्वे क्वार्टर्समध्ये तेवढा वेळ नव्हता कुणाला. पुढे मी नोकरीसाठी पुण्याला आले आणि आईनं एका दिवाळीच्या आवराआवरीत ते भंगारात दिलं. त्यात तिचं काही चुकलं नाही, पत्रा गंजून कडा हाताला लागायला लागल्या होत्या.

मुलगा लहान असताना त्याच्यासाठी बॅटरीवरची आगगाडी आणली. प्लास्टिकचे रूळ जोडून लंबगोल तयार करायचा आणि बटण दाबायचं. गाडी फिरली, पुन्हा फिरली, आणि पोरगं उठून क्रिकेट खेळायला गेलं. मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. जी गाडी निघाली तिथेच येते तिच्याकडे कुणी किती वेळ बघायचं? माझं पत्र्याचं इंजिन निदान तुळशीपर्यंत तरी जात असे.

त्याच सुमाराला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांचं मिनिएचर रेल्वेचं म्युझियम सुरू झालं. साल 1998. पुण्यातल्या निम्म्या मुलांना शाळेच्या सहलीतून ते ठाऊक आहे. खोलीभर पसरलेलं शहर, त्यात डोंगर, बोगदे, सर्कशीचा तंबू, आणि एकाच वेळी धावणाऱ्या कितीतरी गाड्या. दिवे मालवले की त्या गावातले रस्त्यावरचे दिवे लागतात आणि पोरं ‘ऐ’ करून ओरडतात. मुलगा गाड्या बघत होता. मी मात्र खाली वाकून टेबलाखालच्या वायरी बघायचा प्रयत्न करत होते. एका माणसानं आपल्या हयातीतली वर्षं यात घातली, हे त्या वायरींकडे नजर गेली की जास्त कळतं.

मग घरी मीही एक लहानसं गाव केलं. पलंगाखाली सरकवता येईल अशा प्लायवूडवर, भुसा हिरवा रंगवून गवत, थर्माकोलचा डोंगर. देखणं होतं. पण पुन्हा लंबगोलच. घरातली जागा तेवढीच असते, आणि तेवढ्या जागेत रूळ वळवावेच लागतात. पाहुणे आले की ते बाहेर काढायचं, पाहुण्यांनी ‘अगं बाई, छान केलंस हो’ म्हणायचं, आणि पुन्हा पलंगाखाली ढकलायचं. हौस अशी एकट्यानं फार वर्षं ओढता येत नाही, निदान मला तरी नाही आली.

गटाची माहिती मला एका हार्डवेअरच्या दुकानात मिळाली. मी बारीक पितळी खिळे मागत होते आणि शेजारचा माणूसही तेच मागत होता. महिन्यातून एका रविवारी, कुणाच्या तरी सोसायटीच्या हॉलमध्ये जमायचं. पहिल्यांदा गेले तेव्हा दारातल्या गृहस्थांनी माझ्या मागे बघत विचारलं, ‘मुलगा कुठाय तुमचा?’ मी पिशवीतून इंजिन काढलं, तेव्हा त्यांनी खुर्ची दिली.

आमची पद्धत अशी की प्रत्येकानं आपापल्या घरी साधारण चार फुटांची एक फळी करायची. जर्मनीत फ्रेमो नावाची मंडळी 1981 पासून हे करत आली आहेत, अमेरिकेतही करतात. फळीच्या दोन्ही टोकांची मापं ठरलेली असतात. जमिनीपासून रुळाची उंची, रूळ काठाला कुठे येतो, बोल्टची भोकं कुठे, वायरीचा प्लग कुठला. याबाबतीत कुणाचंही काही ऐकून घेतलं जात नाही. मधल्या भागात मात्र काहीही करा. कुणी करवंदीच्या जाळ्यांचा घाट केलाय, कुणी साखर कारखान्याचं साइडिंग, कुणी नुसतं माळरान केलंय आणि त्यावर एक फाटक. रविवारी सकाळी फळ्या येतात, बोल्ट आवळले जातात, आणि माझ्या फळीच्या काठावरून निघालेला रूळ दुसऱ्याच्या गावात जातो. तिथून तिसऱ्याच्या. माझी गाडी माझ्या नजरेआड झाली, हे पहिल्यांदा घडलं तेव्हा मला गाडीला रुळांची गरज का असते ते पटलं.

सकाळचा पहिला तास मात्र नुसता भांडणात आणि पुसण्यात जातो. पुण्याची धूळ रुळावर बसली की वीज चाकापर्यंत पोचत नाही, त्यामुळे जो तो फडकं घेऊन रूळ पुसत असतो. पावसाळ्यात प्लायवूड फुगतं आणि काठ जुळत नाहीत. एकदा एका आजोबांच्या भाच्यानं त्यांना जर्मनीहून मेर्कलिनचं सुरेख इंजिन आणून दिलं. ते आमच्या रुळावर ठेवल्याबरोबर सगळा हॉल बंद पडला. मेर्कलिनची पद्धत निराळी. तिच्यात दोन्ही रूळ मिळून वीज परतीची एकच वाट होते आणि दुसरी वाट मधल्या बारीक टिकल्यांची. आमच्या दोन रुळांच्या पद्धतीत अशी चाकं म्हणजे सरळ शॉर्टसर्किट. आजोबांचा चेहरा पडला. एका टेबलाखालच्या माणसानं ते इंजिन घरी नेलं आणि पुढच्या वेळी चाकं बदलून आणलं.

‘टेबलाखालचा माणूस’ ही आमच्याकडची एक जातच आहे. त्याला झाडं, घरं, फलाटावरची माणसं यांच्याशी कर्तव्य नसतं. तो डोक्याला बॅटरी बांधून उताणा पडलेला असतो आणि फक्त त्याचे पाय दिसतात. अमेरिकेत एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी 1946 मध्ये असाच एक क्लब काढला होता. तिथेही काहीजण वर गाव रंगवायचे आणि काहीजण टेलिफोनचे रिले वापरून खालचं वायरिंग करायचे. हे खालचे लोक पुढे विद्यापीठात आलेल्या कॉम्प्युटरपाशी रात्र रात्र जाऊन बसले, आणि प्रोग्रॅमिंगच्या इतिहासात या आगगाडीच्या क्लबचं नाव आज आदरानं घेतलं जातं. आमच्याकडचा एक इलेक्ट्रिशियन आहे. त्याला हा इतिहास सांगितला तर म्हणाला, ‘ताई, जरा तो स्क्रूड्रायव्हर द्या.’

पण आमच्या मेळाव्याचा खरा कायापालट मास्तर आल्यावर झाला. मास्तर म्हणजे निवृत्त स्टेशन मास्तर. नातवाला घेऊन बघायला आले आणि आमची गाड्या चालवण्याची पद्धत बघून त्यांना राहवेना. मी गाडी सोडायला हात घातला तर म्हणाले,

‘ताई, लाइन क्लिअर घेतलीत?’

‘समोर दिसतंय ना, रूळ मोकळा आहे.’

‘दिसतंय म्हणून गाडी सोडायची नसते. पुढच्या स्टेशनला विचारा. प्रायव्हेट नंबर घ्या, लिहून ठेवा, मग सोडा.’

तेव्हापासून आम्ही तसंच करतो. पुढच्या फळीवाल्याला हाक मारून लाइन क्लिअर मागायची. त्यानं आपल्या कागदावरचा एक दोन आकडी नंबर सांगायचा, तो वेळेसकट वहीत लिहायचा, आणि मग गाडी हलवायची. तीन हातांवर उभ्या असलेल्या माणसाला हे सगळं विचारायचं म्हणजे पहिल्यांदा हसू येतं. मग येत नाही. कारण आता तुमच्या गाडीची वाट बघणारं कुणीतरी पलीकडे असतं, आणि उशीर झाला तर कारण द्यावं लागतं. आठवीतली एक मुलगी येते, तिनं या वह्यांचा ताबाच घेतलाय. डीसीसी, म्हणजे रुळातूनच वीज आणि हुकूम दोन्ही पाठवून प्रत्येक इंजिन वेगळं चालवायची पद्धत, तिला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कळते. मास्तरांचा हात थरथरतो म्हणून त्यांच्या इंजिनाचा वेग हळूहळू वाढेल असं तिनं परस्पर करून टाकलंय. त्यांना ते माहीत आहे की नाही, कुणी विचारत नाही.

हे महाग आहे, खोटं कशाला बोलू? परदेशी इंजिनावर जकात बसली की किंमत सांगायला लाज वाटते. पण गटात इंजिन सगळ्यांकडे असावं लागत नाही. चार फूट प्लायवूड, थोडे रूळ आणि फेविकॉल असलेल्या माणसाच्या गावातूनही सगळ्यांच्या गाड्या जातात. मला वाटतं, या छंदात ही एकच खरी श्रीमंतीची गोष्ट आहे. कपाटात काचेआड डझनभर इंजिनं मांडून बसलेल्यांना ती ठाऊक नसते.

सध्या मी मोडनिंब स्टेशनची फळी करतेय, नॅरोगेजच्या काळातलं मोडनिंब. 2000 नंतरच्या दहा-बारा वर्षांत ही सगळी लाइन टप्प्याटप्प्यानं ब्रॉडगेज झाली. चांगलंच झालं, आता लातूरहून मुंबईला गाडी न बदलता जाता येतं. पण जुन्या लहान स्टेशनांच्या खुणा त्यात गेल्या. इंजिनांचे फोटो हौशी साहेबांनी खूप काढून ठेवलेत, स्टेशनांचे कुणी काढले नाहीत. इमारतीच्या छपराचा उतार कुठल्या बाजूला होता, पाण्याचा नळखांब फलाटाच्या कुठल्या टोकाला होता, कठडा लाकडी होता की जुन्या रुळांचा, हे मला कुणीच खात्रीनं सांगत नाही. म्हणून एक विनंती. तुमच्या घरी लग्नाचे, मुंजीचे, वारीचे जुने अल्बम असतील आणि कुर्डुवाडी, पंढरपूर, बार्शी, लातूर, मिरज या बाजूचं वऱ्हाड फलाटावर उभं राहून काढलेला फोटो त्यात असेल, तर एकदा माणसांच्या मागे बघा. स्टेशनचा एखादा कोपरा जरी आला असेल, तरी मोबाइलवर त्याचा फोटो काढून या मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. मूळ फोटो पाठवू नका, तो घरीच नीट ठेवा. मागे साल लिहिलेलं असेल तर तेवढं मात्र कळवा.