कुडचीचा कृष्णापूल

मिरजेहून बेळगावकडे निघालेली आगगाडी शेडबाळ, उगार ही स्थानके मागे टाकते आणि उसाच्या हिरव्या पट्ट्यातून अकस्मात कृष्णेवर येते. चाकांचा नाद बदलतो, डब्यातील बोलणे क्षणभर थांबते. मायाक्काच्या चिंचलीला निघालेल्या आयाबाया नदीला हात जोडतात. पैलतीरी कुडची.

आम्ही निपाणीकडचे. आमच्या गावाला रेल्वे नाही, म्हणूनच असेल, या पुलाचे आम्हांला बालपणापासून अप्रूप. शाळेतील मुलांना घेऊन आम्ही येथे येतो, तेव्हा ‘हा पूल कोणी बांधला?’ हा प्रश्न ठरलेला असतो. ‘इंग्रजांनी’ हे उत्तर खोटे नव्हे, पण अपुरे आहे.

या मार्गाचे मूळ दुष्काळात आहे. १८७६ ते १८७८ या काळात बेळगाव, धारवाड, कलादगी हे जिल्हे होरपळून निघाले. अन्यत्र धान्य होते. परंतु ते आणायचे कसे? गाडीचा बैलच वैरणीवाचून मेला होता. १८८० साली दुष्काळ आयोगाने लोहमार्गांवर भर दिला आणि १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी स्थापन झाली. १८९० च्या सुमारास पुणे-लोंढा मार्ग पुरा झाला. कापूस बंदराकडे नेण्याचा व्यापारी हेतूही त्यात होताच. ज्या रुळांवरून धान्य येते, त्यांवरूनच ते बाहेरही जाते, हेही आम्ही मुलांपासून लपवीत नाही.

त्या काळी नदीतील खांबांचा पाया घालणे हे मोठे जिकिरीचे काम. खडक हाती लागे तेथे खांब थेट त्यावर उभारीत. वाळू खोल असेल तेथे लोखंडी धारेच्या कड्यावर गोल विहीर बांधायची आणि आतील वाळू उपसत राहायची. विहीर आपल्याच भाराने खाली उतरे. टणक थर लागला की ती भरून तीवर खांब चढे. पावसाळ्यापूर्वी बांधकाम पाण्यावर आणण्याची सारी धडपड असे. दगड वाहणाऱ्या, वाळू उपसणाऱ्या हातांची नावे मात्र कोणत्याही फलकावर आढळत नाहीत.

१९७१ साली मिरजेपर्यंत रुंद रूळ आले. त्यानंतर बेळगावकरांना मिरजेत सामानसुमान उतरवून छोट्या गाडीत बसावे लागे. आमच्या विद्यार्थिदशेतील ती धावपळ अजून स्मरते. १९९० नंतरच्या दशकात मीटरगेजही गेले.

आजही कृष्णेला महापूर आला की उगार-कुडचीचा रस्त्याचा पूल पाण्याखाली जातो आणि दोन्ही तीरांवरची माणसे रेल्वेच्या पुलाकडे पाहत उभी राहतात. तो कशासाठी बांधला, हे त्या दिवशी मुलांना वेगळे शिकवावे लागत नाही.