बर्फाच्या देशातली बुद्धमूर्ती

युरोपची सहल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे लंडन, पॅरिस आणि स्वित्झर्लंड येतं. त्याच्याही वर उत्तरेला असलेल्या स्वीडन-नॉर्वेकडे आपली माणसं फारशी वळत नाहीत. थंडी फार आणि महागाई त्याहून फार! आम्ही वळलो त्याला दोन कारणं झाली. मुलीचं शिक्षण संपलं आणि सात वर्षं भरलेली आर.डी. हाती आली, हे एक. दुसरं कारण एक मूर्ती. तिच्याविषयी पुढे येईलच.

महिना जूनचा. टूर कंपनीचा आठ दिवसांचा कार्यक्रम, तीस-बत्तीस माणसं, सोबत मराठी टूर लीडर आणि दोन्ही वेळा भारतीय जेवण. पहिल्याच दिवशी बसमध्ये ओळखी झाल्या. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यामुळे एका गृहस्थांचं समाधान होईना. "मूळचे कुठले? म्हणजे तुमच्यात..." असं गोल गोल फिरून गाडी तिथेच येई. शेवटी आम्ही सरळ सांगितलं, "आम्ही बौद्ध." त्यावर ते खिडकीबाहेर बघू लागले. सात समुद्र ओलांडले तरी ही चौकशी सामानाबरोबर येतेच, वाचकहो!

स्वीडनची राजधानी स्टॉकहोम चौदा बेटांवर वसलेली आहे. एका बाजूला मेलारन सरोवराचं गोडं पाणी, दुसऱ्या बाजूला बाल्टिक समुद्र. रात्री दहापर्यंत सूर्य मावळत नाही, त्यामुळे जेवून खोलीत गेलं तरी झोप येईना. नगरभवन लाल विटांचं, १९२३ साली पुरं झालेलं. त्यातल्या 'निळ्या दालना'त निळं काही नाही, पण नोबेल पारितोषिकांची मेजवानी तिथेच होते. १९९८ साली अमर्त्य सेन आणि २०१९ साली मुंबईत जन्मलेले अभिजित बॅनर्जी यांचा सन्मान याच शहरात झाला. बॅनर्जी तर धोतर नेसून गेले होते.

वासा नावाच्या जहाजाचं संग्रहालय मात्र विसरता येणार नाही. राजाच्या हुकमाने चौसष्ट तोफांचं हे जहाज बांधलं. १० ऑगस्ट १६२८ रोजी ते पहिल्यांदा निघालं आणि मैलभरही न जाता बंदरातच बुडालं. वरचा भार जास्त झाला होता. चौकशी बसली, साक्षी झाल्या, शिक्षा मात्र कोणालाच नाही! सरकारी चौकश्यांचा इतिहास किती जुना, हे आम्हा कारकुनांना तिथे कळलं. १९६१ साली ते अखंड वर काढलं. आज लाकडावरचं कोरीवकामसुद्धा दिसतं.

दुसऱ्या दिवशी स्कान्सेन. १८९१ साली सुरू झालेलं हे उघड्यावरचं संग्रहालय. देशभरातली जुनी घरं उचलून आणून इथे पुन्हा उभी केली आहेत. गटातली मंडळी अस्वलं बघायला गेली. आम्ही मात्र शेतमजुरांच्या चाळवजा घरापाशी थांबलो. या मजुरांना 'स्टाटारे' म्हणत. ते मोठ्या जमीनदाराकडे वर्षाच्या बोलीवर राहत. मजुरी रोख थोडी, बाकी धान्य आणि दूध. नवऱ्याची बोली झाली की बायकोनेही मालकाच्या गाई पिळायच्या, हे गृहीत. वर्ष भरलं की ऑक्टोबरच्या अखेरीस बिऱ्हाड गाडीत घालून दुसऱ्या मालकाकडे. आमच्या सहचारिणी म्हणाल्या, "अहो, हे तर आपल्या सालगड्याचंच की!" त्यांचे वडील सालाने राहत, त्यामुळे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

ही पद्धत १९४५ साली बंद झाली. म्हणजे आज जो देश श्रीमंत म्हणून मिरवतो, तो फार जुना श्रीमंत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढच्या सत्तर-ऐंशी वर्षांत सुमारे तेरा लाख स्वीडिश माणसं पोटासाठी अमेरिकेला गेली. कामगार संघटना, मतदानाचा हक्क आणि शाळा यांनी हा देश पालटला. देवाने काही दिलं नाही.

आता त्या मूर्तीविषयी. तिसऱ्या दिवशी दुपारी कार्यक्रमपत्रिकेत 'खरेदीसाठी मोकळा वेळ' असं लिहिलं होतं. आम्ही टूर लीडरला म्हटलं, आम्हाला इतिहास संग्रहालयात जायचंय. "तिथे आपला कोणताच ग्रुप जात नाही काका," तो म्हणाला, पण पोरगा चांगला, रस्ता नीट समजावून दिला. सांगलीच्या एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, "आम्ही पण येतो." त्यांची बहीणही आली. असे चौघे निघालो.

मूर्ती काचेच्या पेटीत आहे. उंची साडेआठ सेंटीमीटरसुद्धा नाही, तळहातावर मावेल एवढी. कमळावर पद्मासनात बसलेले तथागत, कांस्याचे. पाचव्या-सहाव्या शतकात, भारताच्या वायव्येला, स्वात खोऱ्याच्या परिसरात ती घडवली असावी असं अभ्यासक मानतात. स्टॉकहोमच्या पश्चिमेला मेलारन सरोवरात हेल्गो नावाचं बेट आहे. हजार-बाराशे वर्षांपूर्वी तिथे कारागिरांची आणि व्यापाऱ्यांची वस्ती होती. तिथल्या उत्खननात ही मूर्ती निघाली. त्याच ठिकाणी आयर्लंडच्या धर्मगुरूच्या दंडाचा मुठीकडचा भाग आणि इजिप्तकडची कांस्याची पळीही सापडली. मूर्ती सापडली तेव्हा गळ्याला आणि डाव्या हाताला चामड्याची वादी होती. म्हणजे कोणीतरी ती बांधून जवळ बाळगत असणार.

किती हातांतून, किती नद्यांवरून ती गेली असेल! आणि सापडली ते वर्ष कोणतं? १९५६! ज्या वर्षी नागपूरला बाबासाहेबांनी लाखो लोकांना धम्माची दीक्षा दिली, त्याच वर्षी इतक्या दूर मातीखालून बुद्ध वर आले. आम्ही शकुन मानणारे नव्हे, हा योगायोगच. पण त्या पेटीपुढे उभं राहिल्यावर गळा दाटला, हेही खरं. सहचारिणींनी हळू आवाजात त्रिसरण म्हटलं. शिक्षिकाबाई बाजूला हात जोडून उभ्या होत्या. नंतर त्यांनी विचारलं, "याचा अर्थ सांगाल का मला?" परतीच्या वाटेवर आम्ही तोच सांगत गेलो.

पुढे बसने नॉर्वे. सरहद्दीवर ना रांग, ना शिक्का. हे दोन देश एका राजाखाली होते आणि १९०५ साली वेगळे झाले. नॉर्वेत मतदान घेतलं तर वेगळं होण्याच्या बाजूने ३,६८,२०८ मतं आणि विरोधात फक्त १८४! लढाई न होता वाटणी झाली. वाटेत जंगल आणि तळी लागतात. दोन्ही देशांत कोणीही, जमीन कोणाचीही असो, रानातून चालावं, तळ्यात पोहावं, रानफळं तोडावीत, असा सर्वांचा हक्क मानलेला आहे. फक्त घराच्या अंगणात आणि पिकात पाय टाकायचा नाही. तळ्याकाठी बस थांबली तेव्हा आम्ही ओंजळभर पाणी घेतलं. महाडच्या चवदार तळ्याची आठवण न येईल तर ते आपलं माणूस कसलं?

ओस्लोत नोबेलचा शांतता पुरस्कार दिला जातो. २०१४ साली कैलास सत्यार्थी आणि मलाला यांना तो इथल्या नगरभवनात मिळाला. विगेलँड उद्यानात दोनशेच्या वर पुतळे, सगळे विवस्त्र. आमच्या गटातल्या काही काकूंची पंचाईत झाली! सतरा मीटर उंच एकाच दगडात १२१ माणसं एकमेकांना धरून वर चढताना कोरली आहेत, ते पाहण्यासारखं.

संसद भवनापुढे मात्र आम्ही जास्त थांबलो. उत्तरेकडे सामी नावाचे आदिवासी राहतात, रेनडिअर पाळणारे. त्यांची भाषा शाळेतून हद्दपार केली होती. आल्टा नदीवर धरण होणार म्हणून १९७९ साली सात सामी तरुणांनी याच संसदेपुढे तंबू ठोकून उपोषण केलं. धरण झालंच. पण त्या लढ्यामुळे १९८९ साली सामींची स्वतःची संसद उभी राहिली आणि १९९७ साली राजाने जाहीर क्षमा मागितली. तरी प्रश्न संपले नाहीत. फोसेन भागातल्या पवनचक्क्यांमुळे सामींच्या हक्काचा भंग झाला, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली दिला. पाती फिरतच राहिली, म्हणून २०२३ साली तरुण पुन्हा ओस्लोत मंत्रालयांच्या दारात बसले. निकाल हातात असूनही ठिय्या द्यावा लागतो, हे आपल्या कार्यकर्त्यांना नवीन नाही.

परत आल्यावर वस्तीतल्या महिला मंडळाने सहचारिणींना बोलावलं. खर्च किती आला हे कोणी विचारलं नाही. विचारलं ते असं, "वहिनी, तिथल्या बाया कामाला जातात, तर पोरं कोण सांभाळतं?" त्यांनी सांगितलं की स्टॉकहोमला भर दुपारी बापे बाबागाडी ढकलत हिंडताना दिसतात. स्वीडनमध्ये १९७४ सालापासून बाळाची रजा आई-बाप दोघांनाही आहे. आता एका मुलामागे ४८० दिवस, त्यातले नव्वद-नव्वद ज्याचे त्यानेच घ्यायचे, नाही घेतले तर बुडाले. बाया हसल्या. एक आजीबाई मात्र हसल्या नाहीत. "लिहून घे गं ते नव्वद," त्या नातसुनेला म्हणाल्या.