आमचें पांखरूं
घरीं राघू पाळावा ही आमची फार दिवसांची हौस. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आपल्याकडील पोपट पिंजऱ्यांत ठेवण्यास मनाई आहे, असें वडिलांनीं सांगितलें. तेव्हां आम्हीं एक निळा बजरीगर आणला. (बाजारांत यास लव्हबर्ड म्हणतात, तें चूक.) ही जात मूळची ऑस्ट्रेलियांतील, १८४० सालीं जॉन गूल्ड यांनीं तीं पांखरें इंग्लंडांत जिवंत नेलीं.

पहिले आठ दिवस आम्ही पिंजऱ्यापाशीं बसून नुसतें हळू बोलत असूं. मग राळ्याचें कणीस धरून हात आंत ठेवूं लागलों. हात भरून येई, पण हालविण्याची सोय नव्हती. अकराव्या दिवशीं त्यानें एक दाणा टिपला! त्या आनंदांत आमचा धीर सुटला. पाहुण्यांस दाखवावें म्हणून आम्हीं त्याला वरून मुठींत धरलें. वरून झडप घालतो तो ससाणा, एवढेंच त्या जिवाला ठाऊक! तो किंचाळला, चावला, आणि तेव्हांपासून हात दिसतांच कोपऱ्यांत थरथरूं लागला. आई एका शब्दानेंही रागावली नाहीं. तेंच आम्हांस फार लागलें.

पुन्हां पहिल्यापासून आरंभ. दीड महिना गेला. परवां सकाळीं आम्हीं त्याच्या पोटाशीं, पायांच्या किंचित् वर, बोट टेकविलें. त्यानें एक पाय बोटावर ठेवला. दुसरा अद्याप दांडीवरच आहे.