बाबांचा प्रिंटर, माझा पासवर्ड

शनिवारी सकाळी देहूरोडला घरी पोचलो तर बाबा गायब. आई म्हणाली, "झेरॉक्सवाल्याकडे गेलेत, प्रिंट काढायला." घरात प्रिंटर असताना? म्हटलं झालं, आपली लिनक्सगिरी बाबांना भोवलेली दिसतेय!

थोडा फ्लॅशबॅक. बाबा इथल्याच ऑर्डनन्स डेपोतून रिटायर झाले. डेपोतली जुनी मंडळी अर्ज-बिर्ज टाइप करून घ्यायला अजून त्यांच्याकडेच येतात. त्यात नोव्हेंबर म्हणजे पेन्शनवाल्यांच्या हयातीच्या दाखल्याचा सीझन. २०१४ साली 'जीवन प्रमाण' आलं, तेव्हापासून हा दाखला ऑनलाइन देता येतो. पण कागद हातात पडल्याशिवाय आपण जिवंत आहोत यावर कुणाचा विश्वास बसत नाही :) ऑक्टोबर २०२५मध्ये विंडोज १०चा सपोर्ट संपला आणि आमचं जुनं मशीन विंडोज ११ला चालणारं नव्हतं, म्हणून मी त्यावर उबुंटू टाकलं. यूएसबी केबल लावली, टेस्ट पेज आलं, मी हिरो होऊन परत वाकडला.

असो. टर्मिनल उघडलं. 'एलएसयूएसबी'मध्ये प्रिंटर दिसत होता, म्हणजे केबल, पोर्ट ठीक. 'एलपीस्टॅट' मात्र म्हणत होतं, प्रिंटर बंद केलेला आहे. आणि रांगेत ११ जॉब, सगळे त्याच एका पानाचे!

उलगडा असा झाला. गुरुवारी प्रिंट चालू असताना लाइट गेली. कॉम्प्युटर यूपीएसवर, प्रिंटर नाही. लिनक्सवर छपाईचा कारभार कप्स बघतं. जॉब अर्ध्यात फसला की काय करायचं हे त्यात ठरवून देता येतं, आणि आमच्या प्रिंटरला 'रांग थांबवा' हा नियम लागला होता. मग लाइट आली तरी रांग आपणहून सुटत नाही, कुणीतरी 'रिझ्यूम' म्हणावं लागतं. बाबांनी ते बटणसुद्धा शोधून काढलं होतं. त्यावर त्याने पासवर्ड मागितला. माझा.

कारण त्यांचं खातं बनवताना मी त्यांना मुद्दाम अ‍ॅडमिन केलं नव्हतं. उगाच काहीतरी बिघडवून ठेवतील म्हणून.

तेवढ्यात बाबा आले. "फोन का नाही केलात?"

"केला होता की दोनदा. तू मीटिंगमध्ये होतास. नंतर करतो म्हणालास."

ऑफिसात ज्युनिअर पोरांना मी एक किस्सा अगदी रंगवून सांगतो. १९८०च्या सुमाराला एमआयटीच्या लॅबमध्ये झेरॉक्सचा लेझर प्रिंटर आला. कागद अडकला की सगळ्यांना कळवायची सोय रिचर्ड स्टॉलमनला त्यात करायची होती, पण सोर्स कोड मिळेना. ज्याच्याकडे तो होता त्याने करारावर सही केल्याचं सांगून नकार दिला. ती चीड स्टॉलमनच्या डोक्यात राहिली आणि १९८३मध्ये त्याने ग्नू प्रकल्प जाहीर केला. आणि इथे त्याच परंपरेतल्या सिस्टिमवर मी बाबांना त्यांच्याच प्रिंटरपासून लांब ठेवलं होतं. कमाल आहे माझी!

बाबांना 'एलपीअ‍ॅडमिन' ग्रुपमध्ये टाकलं, लॉग-आऊट करून परत लॉग-इन करायला लावलं. नियम बदलून 'पुन्हा प्रयत्न करा' केला. मग ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, पोर्ट ६३१ उघडून दिलं आणि खुर्चीवरून उठलो. "बाबा, आता तुम्ही दाबा."

त्यांनी चष्मा सारखा केला आणि 'रिझ्यूम' दाबलं. प्रिंटर घरघरला. रांगेतले जुने जॉब आधी कॅन्सल करायचे असतात हे मी विसरलो होतो. अकराच्या अकरा पानं बाहेर!

"दाखले अकरा आणि पेन्शनर एक," बाबा म्हणाले आणि वरची दहा पानं आईकडे दिली, पाठीमागे किराण्याची यादी करायला.