व्याधी चार, आयुष्य एक

मधुमेह, रक्तदाब, गुडघ्यांची झीज आणि थायरॉइड ग्रंथीचा मंदपणा अशा चार व्याधींसह मी गेलीं बारा वर्षें संसार करीत आहें. एकत्र कुटुंबांत आयुष्य गेल्यामुळें भिन्न स्वभावांच्या माणसांना एका छपराखालीं नांदविण्याची मला संवय आहे. परंतु माणसें समजूत घातल्यास ऐकतात, व्याधी ऐकत नाहींत.

मधुमेहासाठीं रोज चालावें, तर गुडघे बसावयास सांगतात. गुडघ्यांसाठीं डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन यांसारखी गोळी घ्यावी, तर तिनें रक्तदाब चढण्याचा संभव. शिवाय मधुमेहामुळें आधींच जपावयाच्या मूत्रपिंडांवर ताण पडतो तो वेगळाच. थायरॉइडची गोळी पहांटे अनशापोटीं घ्यावयाची आणि हाडांसाठीं दिलेलें कॅल्शियम तिच्यापासून चार तास दूर ठेवावयाचें. जणूं अबोला धरलेल्या दोन जावाच! एका तज्ज्ञांनीं दिलेलें औषध दुसऱ्यांनीं पाहतांक्षणींच बंद करावें, असेंही घडलें. आपापल्या अवयवापुरतें दोघांचेंही बरोबर होतें; तो अवयव जिचा, तिचा विचार मात्र दोघांच्याही कागदावर नव्हता.

घरची मंडळी प्रेमळ. त्या प्रेमापोटींच प्रथम सणावारीं माझें पान वेगळें झालें. मग स्वयंपाकघर सुटलें, जिन्याच्या भयानें माडीवरचीं पुस्तकें दुरावलीं, आणि शेवटीं शेजारच्या मुलींना संस्कृत शिकविणेंही ‘उगाच दगदग नको’ म्हणून थांबलें. रक्तांतील साखर उत्तम, रक्तदाब नेमका, आणि मी दिवसभर खिडकीशीं बसलेली! ही सुधारणा कोणासाठीं, असा प्रश्न मला पडूं लागला.

जागतिक आरोग्य संघटनेची घटना १९४८ सालीं अंमलांत आली. तींत शारीरिक, मानसिक व सामाजिक दृष्टीनें संपूर्ण सुस्थिति म्हणजे आरोग्य, अशी व्याख्या आहे. त्या मापानें आमच्या वयाचीं किती माणसें निरोगी ठरतील? पुढें २०११ सालीं मॅख्टेल्ड ह्यूबर या डच संशोधिका व त्यांचे सहकारी यांनीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें निराळा विचार मांडला : अडचणींशीं जुळवून घेण्याचें व आपला कारभार आपण पाहण्याचें सामर्थ्य, यास आरोग्य मानावें. हा विचार मला धीर देणारा वाटला.

मग एका कागदावर मीं सर्व औषधें वेळांसह लिहिलीं आणि खालीं तीन इच्छा लिहिल्या : मुलींना शिकवावें, माडीवर जावें, सणाला सर्वांबरोबर जेवावें. तो कागद कुटुंबाच्या जुन्या डॉक्टरांपुढें ठेवला. त्यांनीं परस्परविरोधी औषधें काढून टाकलीं. तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी साखरेची तपासणी सात टक्क्यांच्या आंत आणण्याचा हट्ट त्यांनीं सोडला. वृद्ध व बहुव्याधिग्रस्त माणसास आठांच्या आंत चालतें, उलट साखर एकाएकीं फार उतरल्यास घेरी येऊन पडण्याचें भय असतें, असें त्यांनीं समजावून दिलें. मांड्यांचे स्नायू बळकट करण्याचे व्यायामही शिकून घेतले.

आतां आठवड्यांतून दोन दिवस मुली येतात. माडी मी कठड्याला धरून, सावकाश चढतें. सणाला पंगतींतच माझी खुर्ची असते, आणि पुरणपोळीचा चतकोर मला मिळतो. व्याधी चारही घरांतच आहेत; कांहीं रात्री गुडघे झोंप येऊं देत नाहींत. तरी सकाळीं उठावयास कारण असतें.

असो. ज्या घरीं असें माणूस आहे, तेथील मंडळींना एवढीच विनंति : औषधें डॉक्टरांना विचारल्याखेरीज बदलूं नका, परंतु ‘आज साखर किती?’ असें विचारून झाल्यावर ‘आज काय करावयाचें मनांत आहे?’ हेंही विचारीत जा, आणि उत्तर ऐकावयास क्षणभर बसा.