उरलेली धार

दाढीला तेव्हा आवाज होता. बंबाचा धूर अंगणात रेंगाळत असायचा, खिडकीच्या गजाला टांगलेल्या आरशातला कवडसा भिंतीवर उड्या मारायचा, आणि वडील गोल साबणावर ओला ब्रश घोळवत बसायचे; फेस फुगत फुगत कानाच्या पाळीपर्यंत चढायचा, मग त्यातून रेझर खर्र करत उतरायचा आणि मागे निळसर, गुळगुळीत, थोडा अनोळखी गाल उरायचा. शेवटी तुरटीचा खडा.

ती झोंबली की दिवस सुरू.

जुन्या जालन्यातल्या जनरल स्टोअर्समध्ये या साऱ्याचा एक वेगळाच कप्पा असे. गोदरेजची गोल वडी, टोपाझ आणि सेव्हन ओ'क्लॉकची पाकिटं, पितळी रेझर, बरणीत तुरटी. रेझर एकदाच घ्यायचा. पुढे जन्मभर पातं तेवढं बदलायचं. अमेरिकेत किंग कॅम्प जिलेटला १९०४ साली पेटंट मिळालं ते या बदलत्या पात्याच्या रेझरचंच. न्हाव्याच्या धोकटीला, धार लावायच्या चामडी पट्ट्याला तोही एके काळी परकाच वाटला असेल. आज आपण त्यालाच जुना म्हणून कुरवाळतो.

पण ते पातं बोथट झालं तरी मरत नसे. दाढीतून निवृत्त होऊन ते घरकामात रुजू होई: पेन्सिलीला टोक काढायला, आईला शिवण उसवायला, तिच्या दोऱ्याच्या डब्यात मेणकागदाच्या घडीत गंज अंगावर घेत, वर्षानुवर्षं.

२०१० साली जिलेट गार्ड आला. पंधरा रुपयांत मूठ, पाच रुपयांत नवं पातं. दाढी सोपी झाली, कापणं कमी झालं. नाही कसं म्हणू? पण ते पातं प्लास्टिकात रुतलेलं. सोलून निघत नाही, उसवायला येत नाही. आणि हे तर भट्ट्यांचं गाव! कुठकुठलं भंगार इथे येऊन वितळतं, सळई होतं, कुणाच्या तरी घराच्या स्लॅबमध्ये पुन्हा उभं राहतं. मोडक्या लोखंडालाही जालन्यात भाव आहे.

त्या पात्याला नाही.

परवा गांधी चमनकडच्या एका दुकानात विचारलं, "काका, गोल साबण आहे का?"

"कोण नेतंय आता? फोम घ्या. नाहीतर हे बिअर्ड ऑइल. पोरं दाढ्या वाढवायलेत की!"

"आणि ब्लेड?"

"ते आहे ना. सलूनवाले नेतात."

खरंच. एड्सच्या धास्तीने सलूनमधला पट्ट्यावर परजायचा वस्तरा मागे पडला. आता न्हावी कागदासकट ब्लेड मधोमध मोडतो आणि नवं अर्धं पातं गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत वस्तऱ्यात सरकवतो. घरातून उठलेला बाजार त्या अर्ध्या पात्यावर तगून आहे.

मी एक पाकीट घेतलं. दाढीसाठी नाही; घरात शिवण उसवायला लागतंच.